स्टीलच्या गावात मातीचं हॉटेल

माणूस शेवटी मातीकडेच परत येतो, हे सत्य मला वयाच्या एकविसाव्या वर्षी उमगलं आणि त्याच सत्यावर मी आजवर पोट भरत आले आहे. पुढे त्यात मला एकच दुरुस्ती करावी लागली, ती ही की तो जेवायला मातीकडे परत येत नाही. जेवायला त्याला खुर्ची लागते, टेबल लागतं, डोक्यावर पंखा लागतो, आणि पाण्याचा ग्लास असा लागतो की खाली ठेवला तर आवाज व्हावा. ही दुरुस्ती मला माझ्या आईनं शिकवली. ती शिकवण्यासाठी तिला थोडा वेळ मरावं लागलं.

आम्ही भिलाईत सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा कारखान्यात भट्टीच्या आतल्या विटा लावायचे. भट्टी थंड करायची, आत उतरायचं, झिजलेल्या विटा काढून नव्या लावायच्या आणि बाहेर यायचं, एवढंच काम त्यांनी तीस वर्षं केलं. आमच्या घराचं घड्याळ म्हणजे पाळीचा भोंगा. भोंगा झाला की आईचे दोन कुकर एकापाठोपाठ एक शिट्ट्या द्यायचे आणि दहा मिनिटांत दारात चपला पडायला लागायच्या. आई मेस चालवायची. बायका-मुलं गावी ठेवून आलेले, नवीन लागलेले, लग्न न झालेले, झालेलं पण उपयोग नसलेले असे पंधरा-वीस जण आमच्या व्हरांड्यात घडी घातलेल्या सतरंजीवर मांडी घालून जेवायचे. टेबल ठेवायला जागाच नव्हती. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी, आणि रविवारी पाटवड्यांचा तर्रीदार रस्सा. जेवण चांगलं झालं की कोणी काही बोलत नसे. मीठ जास्त झालं तर मात्र सगळे बोलत. ताट नळाखाली ठेवायचं आणि पाळीला जायचं. वीस वर्षांत कोणी आईला 'वा' म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि आईनंही ते कधी बोलून दाखवलं नाही. फक्त कधीतरी भांडी घासताना ती म्हणायची, "मानूस खुर्चीवर बसून जेवला पायजे. आन् त्यानं मागून घेतलं पायजे. असं खाली मान घालून तं ढोरंई खातात."

बाबा निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडायची वेळ आली आणि आईनं जाहीर केलं की आता मेस नाही, हॉटेल. सुपेल्यात चौकाच्या आतल्या बाजूला एक हॉल भाड्यानं मिळाला, मागे राहायला दोन खोल्या. आधी तिथं टायरचं दुकान होतं. पण जमीन लाल कोब्याची होती, घोटून घोटून अशी चकचकीत केलेली की पंख्याचं पातं तिच्यात फिरताना दिसावं. आई त्या कोब्यावरच भाळली होती. पावर हाउस भागातल्या बाजारात तिनं आठ टेबलं आणि बत्तीस खुर्च्या मनाशी पक्क्या केल्या होत्या. पाय स्टीलचे, वर सनमायका. दुकानात ती एका खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली, टेबलावर कोपर टेकवून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाली, "पुढच्या हप्त्यात येतो." तो पुढचा हप्ता लांबला, कारण मध्ये मी आले.

मी दुर्गच्या एका संस्थेतून अंतर्गत सजावटीचा एक वर्षाचा डिप्लोमा नुकताच पूर्ण केला होता. संस्थेत एकच सर होते. ते हातमागाचा कुर्ता घालायचे, डोळे मिटून बोलायचे आणि प्रत्येक तासाला एकदा म्हणायचे, "मटेरियलला बोलू द्या." त्यांच्या स्वतःच्या घरी सगळीकडे प्लॅस्टिकचा पेंट होता हे मला नंतर कळलं. त्यात राज्य नवं नवं झालं होतं. जो तो आपली माती शोधत होता. सरकारी भाषणांत माती, शाळेच्या संमेलनात माती, लग्नाच्या मंडपातसुद्धा थर्माकोलचं खेडं. मला वाटलं, ही आपली वेळ आहे. स्टीलच्या गावात, जिथं दाराच्या कडीपासून देवाच्या ताम्हनापर्यंत सगळं स्टीलचं, तिथं आपण असं हॉटेल करायचं की ज्यात स्टील औषधालाही सापडणार नाही. माती, बांबू, जुनं लाकूड, भट्टीच्या टाकून दिलेल्या विटा. मी आईला तीन दिवस समजावलं. चौथ्या दिवशी ती मानली, पण मुद्दा पटला म्हणून नव्हे. पोरीच्या शिक्षणासाठी एवढे कष्ट घेतले आणि मग तिचंच ऐकायचं नाही, हे तिला बरं वाटेना.

"पन वैशे, खुर्च्या कुठं हायेत यात?" माझा नकाशा उलटसुलट करून तिनं विचारलं.

"खुर्च्या नाहीत आई. लोक जमिनीवर बसतील."

"जमिनीवर तं वीस वर्षांपासून बसूनच राहिले ना वो."

"ते जागा नव्हती म्हणून. आता ते मुद्दाम बसतील."

"मुद्दाम कावून बसतील?"

या प्रश्नाचं उत्तर सरांनी शिकवलेलं नव्हतं. आईनं नकाशा परत दिला. "कर तुह्या मनानं. मले एवढंच पायजे, मानसं आली पायजेत आन् त्यायनं मागून जेवलं पायजे."

आज मी रायपूरच्या हॉटेलवाल्यांना मातीच्या भिंती करून देते, आणि नव्या ग्राहकासमोर नकाशा पसरला की 'मुद्दाम कावून?' हा आईचा प्रश्न मला ऐकू येतो. फरक एवढाच की तो आता कोणी विचारत नाही.

काम सुरू झालं. बाबांचा विरोध नव्हता, पण त्यांची एक अट होती. कारखान्याच्या गेटमधून खिळासुद्धा कागदाशिवाय बाहेर येत नाही, आणि तीस वर्षं तो नियम पाळून माणसाच्या आत काहीतरी कायमचं वाकतं. त्यांनी वह्या फाडून हातानं गेटपास तयार केले. हॉलमध्ये जी वस्तू आत येईल तिचा गेटपास. बांबूच्या टोपल्या, सहा नग. बैलगाडीचं चाक, जुनं, एक नग. शेणाची टोपली आली तेव्हा ते दारातच उभे राहिले.

"रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?"

"बाबा, शेण आहे ते."

"म्हनूनच इचारून राहिलो."

शेण सारवायला मी फुलेसरीला बोलावलं होतं. ती जवळच्या गावातली, चाळिशीची, हातात अशी सफाई की तिनं सारवलेल्या जमिनीवर बोटांच्या कमानी एकीत एक बसलेल्या दिसायच्या. ती आत आली, लाल कोब्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नोनी, अतेक सुघ्घर फरस ला काबर तोपत हस?" म्हणजे पोरी, इतकी सुंदर फरशी मातीत का पुरतेस. मी तिला मातीचं महत्त्व समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या स्वतःच्या घरी आता टाइल लागल्या आहेत एवढं सांगून ती कामाला बसली. भिंतींना तिनं छुही लावली, म्हणजे इकडची पांढरी माती. ती वाळली की भिंतीला टेकणाऱ्या माणसाच्या पाठीवर अर्धी भिंत निघून येते.

काउंटर बाबांनी स्वतः बांधला. लिलावात निघालेल्या भट्टीच्या विटा भंगारवाल्याकडून आणल्या, आणि बाबांनी त्या नेहमीच्याच पद्धतीनं, म्हणजे सांध्यात नखही जाणार नाही अशा बेतानं लावल्या. पूर्ण झाल्यावर त्यावर थाप मारून म्हणाले, "सोळाशे डिग्रीले हलत नाही." त्यावर पुढे आयुष्यभर फक्त बडीशेपेची वाटी ठेवली गेली.

दारावर आडवा बसवायला मला रेल्वेचा जुना लाकडी स्लीपर हवा होता. माझे मामा डोंगरगडच्या बाजूला रेल्वेत होते. त्यांनी लिलावातला एक मिळवून दिला. तो वर चढवायला सहा माणसं लागली आणि तो पुन्हा कधी खाली येणार नाही हे सहाही जणांनी तिथंच जाहीर केलं. दिवे टांगायला मी टोपल्या उलट्या केल्या. एक टोपली कमी पडली तेव्हा माझी नजर बाबांच्या पिवळ्या हेल्मेटवर गेली. त्यांनी बराच वेळ ते हातात धरलं, आत बोटं फिरवली आणि मग गेटपास लिहायला घेतला. ते हेल्मेट उलटं टांगून मी त्यात बल्ब सोडला.

जुन्या स्लीपरला किडीपासून वाचवण्यासाठी डांबराचं तेल पाजलेलं असतं, हे मला माहीत नव्हतं. ते तेल लाकडात वर्षानुवर्षं गप्प असतं आणि वर पत्रा तापला की खाली यायला लागतं. उद्घाटनाच्या चार दिवस आधी भर दुपारी बाबा दारात उभे राहून चौकट ओळंब्यात आहे का पाहत होते, तेव्हा मटेरियल पहिल्यांदा बोललं. डोक्यावर, कपाळावर आणि मिशीवर. तीस वर्षं हेल्मेटशिवाय एक पाऊल न टाकलेल्या माणसाला नेमकी गरज पडली तेव्हा हेल्मेट दहा हातांवर दिवा होऊन लटकत होतं. रॉकेलनं काही निघालं नाही, खोबरेल तेलानं ते आणखी पसरलं. चौकातल्या न्हाव्याकडे मीच घेऊन गेले. त्यानं दोन बोटांत एक बट धरून हुंगली आणि म्हणाला, "दीदी, सब उतारना पड़ेगा. मूँछ भी." बाबांची मिशी मी जन्मापासून पाहत आले होते. ती गेल्यावर त्यांचा चेहरा एखाद्या अनोळखी, सौम्य माणसाचा दिसायला लागला.

स्वयंपाकघराचंही मी भलं केलं. आईची शेगडी मागच्या खोलीत ठेवून तिच्यासाठी मातीच्या तीन चुली घातल्या. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या दाराला तरटाचा जाड पडदा लावला, कारण जेवणाऱ्याला स्वयंपाकाची धावपळ दिसू नये असं डिप्लोमाच्या वहीत लिहिलेलं होतं. आणि शेवटी, हॉटेल आईचं आहे म्हणून, प्रवेशाच्या समोरच्या भिंतीवर तिचा फोटो लावला. लग्नानंतर स्टुडिओत काढलेला, एकटीचा, नाकात नथ, नजर कॅमेऱ्याच्या थोडी वर. पडलेल्या घरातून आणलेल्या जुन्या खिडकीच्या चौकटीत तो बसवला होता. खाली कोनाडा आणि कोनाड्यात पणती. फोटो घरातून हॉलमध्ये आणताना बाबांनी त्याच्या पाठीवर गेटपास चिकटवला: फोटो, निर्मलाचा, एक नग, रिटर्नेबल.

उद्घाटनाचं आमंत्रण आईनं पंधरा दिवस आधीच सेक्टरमध्ये फिरून दिलं होतं. नंतर आम्ही सामान हलवलं, आणि तिकडच्या कोणालाही त्या पंधरा दिवसांत आई दिसली नाही. हे ध्यानात ठेवायला हवं.

रविवारी सकाळी आई अंधारातच चुलीपाशी बसली. वांग्याची भाजी, वरण, भात, कढी आणि उडदाचे वडे. पाटवडी तिनं मुद्दाम टाळली, पहिल्याच दिवशी पाटवडी बिघडली तर काय, म्हणून. बाबांवर मी हारांचं काम सोपवलं. इथंही दोष माझाच. कारखान्यात विश्वकर्मा पूजेला प्रत्येक यंत्राला हार घालतात. क्रेनला हार, लेथला हार, वजनकाट्याला, पंपाला, एवढंच काय, अग्निशामक नळकांड्यालाही. तीस वर्षं बाबांच्या हाती हार आला की तो यंत्राच्या गळ्यात गेला. त्यांनी हॉलला एक फेरी मारली. मिक्सरला हार, पाण्याच्या टाकीला हार, काउंटरला, स्वतःच्या सायकलला, हेल्मेटच्या दिव्याला. एक झेंडूचा टपोरा हार उरला. तो त्यांनी आईच्या फोटोला घातला, खाली पणती लावली, उदबत्ती खोचली आणि मी सर्वांसाठी ठरवलेल्या पोशाखात, म्हणजे न रंगवलेल्या पांढऱ्या सुती बंडी-धोतरात, गुळगुळीत डोक्यानं, हात जोडून दारात जाऊन उभे राहिले.

पहिले आले बोरकर काका. बाबांच्याच खात्यातले, एक वर्ष आधी निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून बारा वर्षं आमच्याकडेच जेवणारे. बगलेत चमकत्या कागदात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ होतं. ते पायरी चढले आणि समोर बघून थांबले. आधी बाबांचं डोकं, मग धोतर, मग त्यांच्या खांद्यावरून आतली ताजी सारवलेली जमीन, ओळीनं मांडलेल्या पत्रावळी, आणि मग फोटो. ते घड्याळ त्यांनी हळूच चपलांच्या मागे ठेवून दिलं.

पुढे मला सगळं उलगडून सांगणारेही तेच. ते म्हणाले, मनात पहिली गोष्ट आली ती दुःखाची नव्हती, शरमेची होती. बारा वर्षं जिच्या हातचं खाल्लं ती गेली, दहन झालं, तेरा दिवस झाले, आणि आपल्याला पत्ता नाही. आता विचारावं कसं? विचारलं की कबूल करावं लागणार की आपण मातीलाही आलो नाही. त्यांनी विचारलं नाही. त्यांनी बाबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "हिंमत ठेव गा."

बाबा म्हणाले, "ठेवाच लागते."

बाबांना शंका यायला हवी होती, हे खरं. पण निवृत्त झाल्यापासून सगळेच त्यांच्याशी त्या आवाजात बोलत होते.

मग एकापाठोपाठ एक सगळे आले, आणि प्रत्येकाला वाटलं की इतरांना आधीच माहीत होतं. मेसमधले पोट्टे फुलांचा गुच्छ घेऊन आले होते. दारात त्यांनी घाईघाईनं त्याचा चकाकता कागद आणि रिबन काढून खिशात कोंबली आणि फुलं फोटोखाली वाहिली. दोघे तसेच मागे फिरले आणि बाजारातून तेरवीला, म्हणजे तेराव्याला, देतात तसले पांढरे दुपट्टे घेऊन आले. त्यांनी ते बाबांच्या खांद्यावर टाकले. ते पाहून आणखी चौघे गेले. निरोप समारंभात बाबांना एकच शाल मिळाली होती. आता त्यांच्या खांद्यावर सहा दुपट्टे होते आणि ते खूश होते.

मी? मी भिंतीला पाठ न टेकता उभी राहून हे पाहत होते आणि माझा ऊर भरून आला होता. न सांगता लोक चपला बाहेर काढत होते. आत येताच त्यांचे आवाज खाली जात होते. ते सावकाश खाली बसत, जमिनीवर हलकेच हात फिरवत, कोणी डोळे मिटून घेत. याला वातावरणनिर्मिती म्हणतात. इतकं यशस्वी इंटिरियर मी पुन्हा आयुष्यात केलेलं नाही. फुलेसरी वाढत होती. ती माझ्याजवळ आली आणि कुजबुजली, "नोनी, सब्बो झन रोवत हें." म्हणजे सगळेच रडताहेत.

"धूर आहे," मी म्हणाले.

बोरकर काका शेजारच्याला हळू आवाजात सांगत होते, "बारा वर्षांत एक दिवस ताट उशिरा नाही आलं. ताप असला तरी नाही. पाटवडीचा रस्सा असा, का मी भट्टीत उतरलो तरी तोंडाले चव राहे." शेजारचा म्हणाला, "हॉटेलची लय हौस होती म्हनते. पाहाले नाही राहिली." तिसऱ्यानं डोळे पुसले. मी हे सगळं ऐकलं नाही. मी दिव्याचा कोन बघत होते.

पडद्याआड आई ऐकत होती. ऐकत होती म्हणजे, ऐकण्यासारखं काही येतंय का याची वाट पाहत होती. एवढी माणसं बसलीत, पण 'वरण आणा' नाही, 'वडा आहे का' नाही. तेरवीला कोणी मागून घेत नाही, वाढतील ते खातात आणि उठतात. तिला वाटलं, गेलं, सगळं गेलं, मीठ जास्त पडलं. माझ्या तीन चुलींना धुराचा रस्ताच नव्हता. त्यामुळे सकाळपासून तिच्या डोक्यावर, भुवयांवर आणि गालांवर राखेचा पांढरा थर बसला होता. तिनं पदर खोचला, हातात वरणाची वाटी आणि पळी घेतली आणि तरटाचा पडदा बाजूला करून, धुरासकट, हॉलमध्ये येऊन उभी राहिली.

"कावून जी बोरकर भाऊ," ती म्हणाली, "भाजी खारट झाली का?"

मेसमधला एक पोट्टा ताटावरून उठला तो थेट रस्त्यावर, चपला न घालता. एकानं पत्रावळ छातीशी धरली. बाकीचे जागच्या जागी. बोरकर काकांच्या तोंडात अर्धा वडा होता. तो त्यांना गिळताही येईना आणि काढताही येईना. त्यांनी हात जोडले, आणि वडा गालात सरकवून म्हणाले, "वहिनी, माफ करा. मले खबर नाही भेटली."

"कायची खबर?"

"तुमी गेल्याची."

"कुठं गेली मी? सकाळपासून चुलीपाशीच तं हाय."

मग तिनं मान वळवली. फोटो, हार, पणती, फुलं. बाबांचं डोकं, खांद्यावरचे सहा दुपट्टे. पत्रावळी. सारवलेली जमीन. उडदाचे वडे. मी तिच्या नजरेमागून एकेक वस्तू पाहत गेले आणि प्रत्येक वस्तू मीच निवडलेली होती. मटेरियल आता चांगलंच बोलत होतं.

"हार कोनं घातला?"

"मी तं साऱ्याच मशीनीले घातला," बाबा म्हणाले.

"आन् मी?"

बाबांनी थोडा विचार केला. "तू तं मेन मशीन हायेस ना."

आई फोटोपाशी गेली, हार काढला, पणतीवर फुंकर मारली आणि परत येऊन बोरकर काकांसमोर उभी राहिली. हातात पळी तशीच. "काय काय बोलून राहिले होते जी माह्याबद्दल? मले आत काही ऐकू नाही आलं."

काकांनी वडा गिळला. मग सांगितलं, खाली मान घालून, उशिरा न आलेल्या ताटाचं, तापाचं, पाटवडीचं. सगळं.

आईनं ते उभ्यानं ऐकलं. "आन् हे जितेपनी सांगाले काय झालतं?"

"जितेपनी कधी सांगावं वहिनी?" काका खरंच गोंधळून म्हणाले. "जेवत होतो ना."

राखेतून आईच्या गालावर दोन रेघा उतरल्या होत्या, पण धूर होताच. मग ती वाकली आणि काकांच्या पत्रावळीवर वरण वाढलं. "घ्या. मेलेल्या बाईचा मान ठेवा."

काकांनी दुसऱ्यांदा घेतलं. मग सगळ्यांनीच घेतलं, आणि बाहेर पळालेला पोट्टाही दारातून डोकावून, खात्री करून आत आला. पण खरा निकाल अजून लागायचा होता. जेवण झालं आणि बोरकर काकांना उठता येईना. गुडघे धरले होते. दोघांनी बगलेत हात घालून त्यांना उभं केलं. पाठीवर छुहीची अर्धी भिंत, धोतरावर शेणाची कमान. ते कण्हत म्हणाले, "वहिनी, जेवन लय भारी. एक खुर्ची असती तं..." आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा चांगला अभिप्राय मला आजवर एकाही ग्राहकाकडून मिळालेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पावर हाउसला गेली आणि दुपारी टेम्पो दारात उभा राहिला. बाबांनी गेटपास लिहिला: खुर्च्या, स्टील पायाच्या, बत्तीस नग, नॉन-रिटर्नेबल. फुलेसरीनं खुरप्यानं जमीन खरवडली. लाल कोबा खालून निघाला तेव्हा ती त्याच्यावर ओल्या फडक्यानं हात फिरवत माझ्याकडे पाहून हसली. चुली गेल्या, शेगडी आली. घड्याळ भिंतीवर लागलं. काउंटर मात्र तसाच राहिला, कारण तो फोडण्याचे तीन प्रयत्न झाले आणि हातोडा फुटला. स्लीपरही राहिला. त्याच्याखाली बाबांनी पत्र्याची पन्हळ बसवली. आणि पेंटरला बोलावून आईनं माझी 'माटी' ही पाटी पुसून घेतली आणि नवी लिहून घेतली: 'निर्मला भोजनालय. मालकीण स्वतः हजर.'

हॉटेल चाललं. आधी लोक स्वतःच्या तेरवीला वाढणारी बाई बघायला आले, मग पाटवडीसाठी यायला लागले. खुर्चीवर बसायचे, ग्लास टेबलावर आपटायचे आणि ओरडायचे, "काकू, वरण!" आई आतून मुद्दाम एकदा ऐकू न आल्यासारखं करायची, म्हणजे ते दुसऱ्यांदा ओरडायचे.

माझं पुढे बरं झालं. मातीला दिवस आले. आता लोक माझ्याकडे स्वतःहून शेण मागतात. मी देते, भिंतींना. जमिनीवर कोणालाही बसवत नाही, आणि मालकाचा फोटो मागितला तर नाही म्हणते. कारण विचारलं तर उजेड चुकीचा पडतो असं सांगते.

आई गेली तेव्हा हॉटेल चालूच होतं. तिनं आधीच बजावून ठेवलं होतं, "कोनाले खाली नोका बसवू." म्हणून तेरवीचं जेवण तिथंच झालं, त्याच आठ टेबलांवर. फोटो भिंतीवरून उतरवला तेव्हा पाठीवर पिवळा पडलेला गेटपास होता. बाबांनी तो वाचला आणि काढला नाही. हार त्यांनीच घातला. डोकं या वेळी न्हाव्यानं वेगळ्या कारणानं केलं होतं.

बोरकर काका काठी टेकत आले. दारात थांबले. बाबांचं डोकं पाहिलं, फोटो पाहिला, हार पाहिला. टेबलांमधून सावकाश वाट काढत ते थेट स्वयंपाकघरापर्यंत गेले, दार ढकललं आणि बराच वेळ आत पाहत उभे राहिले. आत फुलेसरी वडे तळत होती. मग ते परत आले, खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी वरण दोनदा मागून घेतलं.